ग्राफिक कादंबऱ्या आणि अष्टपैलू लेखक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात किंवा वर्गात ग्राफिक कादंबऱ्यांचं वेड लागलेलं मूल असलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बरेचसे पालकांचे आणि शिक्षकांचे असतात, शेवटचे काही मुलांचे. इथे दोघांचेही घेतले आहेत.

ग्राफिक कादंबरी वाचणं हे खरंच वाचन आहे का?

हो, पूर्णपणे. पानावर काय घडतं ते पाहा. एका चौकटीत टेबलाच्या कडेला कप आहे आणि शेजारी मांजर. पुढच्या चौकटीत जमिनीवर कपाचे तुकडे. कप पडताना कुणीही काढलेला नाही. तो पडला, कुणामुळे पडला, आवाज झाला, हे सगळं वाचणाऱ्याने दोन चौकटींमधल्या रिकाम्या फटीत स्वतः रचलं. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिक्सची भाषा उलगडणारं पुस्तक खुद्द कॉमिकच्याच रूपात लिहिलं. त्यात त्यांनी एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. कधी फक्त क्षण बदलतो, कधी कृती, कधी पात्र, कधी जागा आणि काळ दोन्ही. कधी काळ थांबतो आणि नजर एकाच जागी फिरते, तर कधी दोन चित्रांचा वरवर काहीच संबंध नसतो. दहा वर्षांचं मूल हे सहाही प्रकार न शिकवता हाताळतं.

ज्यांना मान्यतेचा शिक्का हवा असतो त्यांच्यासाठी : आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक. हे पदक मिळवणारी ती पहिलीच ग्राफिक कादंबरी. पण आमच्या मते खरा पुरावा त्या फुटलेल्या कपात आहे.

कॉमिक, ग्राफिक कादंबरी, चित्रपुस्तक, मांगा यांत फरक काय?

कॉमिक हा माध्यमाचा शब्द : क्रमाने मांडलेल्या चित्रांतून कथा. ग्राफिक कादंबरी म्हणजे त्याच माध्यमातली पुस्तकाएवढी कथा. चित्रपुस्तकात बहुधा एका पानावर एक चित्र आणि खाली मजकूर असतो, चौकटींची मालिका नसते. मांगा म्हणजे जपानी कॉमिक. सीमारेषा पुसट आहेत आणि त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

माझी मुलगी दोनशे पानांचं पुस्तक अर्ध्या तासात संपवते. ती नीट वाचते का?

आधी हिशेब करू. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर दोनशे पानांत हजार चौकटी होतात. अर्ध्या तासात त्या संपल्या म्हणजे एका चौकटीला दोन सेकंदही मिळाले नाहीत. एवढ्यात संवादाच्या फुग्यातला मजकूर वाचून होतो, चित्राकडे फक्त ओझरती नजर जाते. ती कथानकाच्या मागे धावते आहे.

पहिल्या वाचनात हे चालेल, चालू द्यावं. पुढे काय होतं ही ओढ नसेल तर पुस्तक हातात धरायचं कशाला? खरी मजा दुसऱ्या वाचनात असते, आणि सुदैवाने ही पुस्तकं मुलं आपणहून दुसऱ्यांदा, पाचव्यांदा वाचतात. म्हणून ‘पुन्हा तेच काय वाचतेस’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

दुसऱ्या फेरीत मदत करायची असेल तर पुस्तकातलं एकही शब्द नसलेलं एक पान निवडा आणि विचारा, ‘या पानात किती वेळ गेला?’ काही मुलं एक सेकंद म्हणतील, काही एक रात्र. मग ‘कशावरून?’ हा प्रश्न. उत्तर शोधताना मूल सावल्या, घड्याळ, पात्राची बसण्याची पद्धत बघू लागतं. दुसरा चांगला प्रश्न रंगांचा : आठवणीतले प्रसंग वेगळ्या रंगात आहेत का? तिसरा चौकटींच्या कडांचा : कुठे कड गायब झाली आहे, कुठे चित्र पानाच्या टोकापर्यंत पसरलं आहे, आणि नेमकं तिथेच का? कडा काढून टाकली की वेळ सैल होतो, क्षण रेंगाळतो. एका बैठकीत एवढा एकच प्रश्न विचारा. पानोपानी चौकशी सुरू केली की पुस्तकाचा अभ्यास होतो आणि मूल ते लपवून वाचायला लागतं.

पानावर कुठून कुठे वाचायचं? मुलं गोंधळतात.

डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खालची ओळ. चौकटीच्या आतही तोच नियम : वरचा फुगा आधी, एकाच उंचीवर असतील तर डावा आधी.

गोंधळ बहुतेक वेळा एकाच मांडणीत होतो. डावीकडे दोन चौकटी एकावर एक आणि उजवीकडे एक उंच चौकट. डोळा डावीकडच्या वरच्या चौकटीतून सरळ उजव्या उंच चौकटीत उडी मारतो आणि डावीकडची खालची राहून जाते. उलट मांडणीत, म्हणजे उंच चौकट डावीकडे असताना, हा घोटाळा होत नाही. चांगले चित्रकार ही अडचण ओळखून फुग्यांची साखळी अशी रचतात की नजर आपोआप खाली वळते. तेव्हा मूल चुकलं तर दर वेळी दोष त्याचा नसतो.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडतात. पूर्वी भाषांतर करताना पानं आरशासारखी उलटी छापत. त्यामुळे उजखोरी पात्रं डावखुरी व्हायची आणि चित्रातल्या पाट्याही उलट्या दिसायच्या. आता बहुतेक आवृत्त्या मूळ दिशाच ठेवतात. नवीन वाचकाला पहिली पाच-सहा पानं जड जातात, मग सवय होते.

तो फक्त ग्राफिक कादंबऱ्याच वाचतो. ‘खऱ्या’ पुस्तकांकडे कसं वळवायचं?

‘वळवायचं’ हा शब्द सोडला तर काम सोपं होतं. चित्रकथा ही खालची पायरी आणि निव्वळ मजकूर ही वरची, असं मानलं की मुलाला ते लगेच कळतं आणि ते पायरी घट्ट धरून बसतं.

आमच्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडणारा दुवा म्हणजे लेखक. मुलाला माध्यम आवडतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा त्याला एका विशिष्ट माणसाचा आवाज आवडलेला असतो : विनोदाची जात, पात्रांचा हट्ट, दुःख हळूच सांगण्याची रीत. तो आवाज दुसऱ्या रूपातही भेटला तर मूल तिथवर आपल्या पायांनी जातं. म्हणून आवडत्या पुस्तकाबद्दल त्याला विचारा : हसू कुठे आलं, कुणाची काळजी वाटली, कुठलं पान पुन्हा उघडलं, शेवट पटला का. चार उत्तरं कागदावर लिहून ठेवा. पुढचं पुस्तक विषय किंवा वय बघून निवडू नका, या चार उत्तरांवरून निवडा.

मधली रूपंही भरपूर आहेत. ब्रायन सेल्झनिक यांची २००७ ची ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ पाचशेहून अधिक पानांची आहे. तिच्यात कथा कधी मजकुरातून चालते, तर कधी पेन्सिलीच्या चित्रांतून पानंच्या पानं शब्दांविना पुढे जाते. चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक २००८ मध्ये तिला मिळालं. केट डिकमिलो यांच्या ‘फ्लोरा अँड युलिसिस’मध्ये गद्यात मधूनच कॉमिकची पानं येतात. त्यांनी छोट्या वाचकांसाठी सोपी पुस्तकंही लिहिली आहेत आणि गंभीर कादंबऱ्याही, म्हणजे एका लेखिकेचा हात धरून बरंच लांब जाता येतं. कवितेत लिहिलेल्या कादंबऱ्या हा आणखी एक मार्ग : ओळी लहान, पानावर मोकळी जागा जास्त, आणि कवितेच्या दोन ओळींमधली फट चौकटींमधल्या फटीसारखीच काम करते.

हे सगळं करूनही मूल चित्रकथाच वाचत राहिलं तर? वाचू द्या.

अष्टपैलू लेखक नेमकं कुणाला म्हणायचं?

एकाच माणसाने वेगवेगळ्या रूपांत, वेगवेगळ्या वयांसाठी लिहिलं आणि प्रत्येक रूपाचे नियम मनापासून पाळले तर तो अष्टपैलू. नुसती संख्या पुरत नाही.

टोवे यानसन हे आमचं लाडकं उदाहरण. फिनलंडची ही चित्रकार. मूमिन म्हणजे तिने कल्पिलेले पाणघोड्यासारखे गोलमटोल प्राणी. त्यांची पहिली कथा १९४५ मध्ये आली. त्याच पात्रांवर तिने कादंबऱ्या लिहिल्या, चित्रपुस्तकं केली, १९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’साठी रोजची चित्रपट्टी काढली, आणि १९७२ मध्ये मोठ्यांसाठी ‘द समर बुक’ लिहिलं. रोजच्या पट्टीत जागा तीन-चार चौकटींची, त्यामुळे तिथले संवाद चटपटीत आहेत. कादंबऱ्यांमध्ये तीच पात्रं बराच वेळ गप्प बसतात, हवामान बघतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की रूप बदललं की लेखणी कशी बदलते ते मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

शॉन टॅन यांचं २००६ चं ‘द अरायव्हल’ हे एकही वाचता येणारा शब्द नसलेलं पुस्तक. परक्या देशात आलेल्या माणसाची ही गोष्ट, म्हणून त्यातल्या पाट्यांची लिपीही कल्पित आहे. वाचक त्या माणसाइतकाच निरक्षर होतो. याच टॅन यांनी शब्दांनी भरलेल्या लघुकथाही लिहिल्या आणि त्यांच्या ‘द लॉस्ट थिंग’ या पुस्तकावरच्या अ‍ॅनिमेशनपटाला २०११ मध्ये ऑस्कर मिळालं.

मुखपृष्ठावर एक नाव आणि आत चार नावं असतात. लेखक कोण समजायचा?

आतलं श्रेयपान वाचायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे. लेखन, रेखाटन, शाईकाम, रंग, अक्षरलेखन आणि असेल तर रूपांतर, ही वेगवेगळी कामं आहेत. गाजलेल्या कादंबरीचं चित्ररूप असेल तर मुखपृष्ठावर सगळ्यात मोठ्या अक्षरात मूळ कादंबरीकाराचं नाव असतं, आणि त्याने एकही रेघ ओढलेली नसते. मुलाला चित्रं आवडली असतील तर त्या नावाची आणखी पुस्तकं आणून उपयोग होत नाही, चित्रकाराचं नाव शोधावं लागतं. मालिका मधेच ‘बेचव’ झाली अशी तक्रार येते तेव्हाही श्रेयपान पाहा. बहुतेकदा रंगकार किंवा चित्रकार बदललेला असतो.

एखादा लेखक आवडला की त्याची सगळी पुस्तकं मुलांना द्यावीत का?

नाही. अष्टपैलू लेखकांच्या बाबतीत हा धोका सगळ्यात मोठा आहे. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं ‘द स्नोमॅन’ शब्दांविना आहे आणि अगदी लहान मुलंही ते बघू शकतात. त्यांचंच १९८२ चं ‘व्हेन द विंड ब्लोज’ दिसायला तसंच मऊ, गोल चेहऱ्यांचं आहे, पण ती अणुहल्ल्यानंतर हळूहळू मरणाऱ्या वृद्ध जोडप्याची कथा आहे. चित्रांच्या गोडव्यावरून वय ठरवू नका.

मजकुरात भीतिदायक प्रसंग आला तर मूल आपल्या कुवतीइतकंच चित्र मनात उभं करतं. चित्रात ती सोय नाही, चित्रकाराने दाखवलेलं सगळं एका क्षणात डोळ्यांत शिरतं. त्यामुळे पुस्तक देण्याआधी किमान दहा ठिकाणी उघडून पाहा, त्यातली चार ठिकाणं शेवटच्या तिसऱ्या भागातली असू द्या. कठीण प्रसंग बहुधा तिथेच असतात.

मूळ कादंबरी आधी वाचावी की तिचं चित्ररूप?

कोणतीही आधी चालेल. मात्र चित्ररूप आधी वाचलं तर पात्रांचे चेहरे पक्के होतात आणि मूळ कादंबरी वाचताना तेच दिसत राहतात. ज्यांना स्वतः चेहरे कल्पायला आवडतं त्यांनी कादंबरीपासून सुरुवात करावी. लांब वर्णनांत अडकणाऱ्यांनी चित्ररूपापासून.

अडखळत वाचणाऱ्या मुलाला यांचा उपयोग होतो का?

बऱ्याच मुलांना होतो. मजकूर लहान तुकड्यांत येतो, कोण बोलतंय ते दिसतं, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ चित्रातून लागतो. पण प्रत्येक पुस्तक सोपं नसतं. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळा मजकूर मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, छापायची जुनी प्रथा आहे. त्यात शब्दांचे आकार सारखेच चौकोनी दिसतात आणि ज्यांना अक्षरओळख कष्टाने होते त्यांना ते जड जातं. अशा मुलासाठी लहान-मोठी लिपी मिसळलेलं, पानाला सहापेक्षा कमी चौकटी असलेलं पुस्तक निवडा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या मुलांसाठी कृष्णधवल पुस्तकं जास्त सोयीची, कारण तिथे कथेचा एकही धागा फक्त रंगावर सोपवलेला नसतो.

कागदावर वाचावं की पडद्यावर?

कागदावर, किंवा अख्खं पान एका वेळी दिसेल एवढ्या मोठ्या पडद्यावर. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवतात तेव्हा पानाची रचना हरवते. चित्रकाराने छोट्या चौकटींनंतर ठेवलेली मोठी चौकट तिथे बाकीच्यांएवढीच होते. उभ्या सरकत्या पट्टीत, मोबाइलसाठीच रचलेल्या कथांना ही अडचण नाही. त्यांत चित्रांमधली मोकळी जागाच वेळ दाखवते.

मलाही ग्राफिक कादंबरी करायची आहे. कुठून सुरू करू?

दोनशे पानांपासून करू नकोस. एका ए-फोर कागदापासून कर. त्यातून आठ पानी पुस्तिका होते, प्रत्येक पान साधारण ७.४ × १०.५ सेंटिमीटरचं.

कागद लांबीच्या बाजूने अर्धा दुमड आणि उघड. मग आखूड कडा एकमेकींवर आणून दुमड, उघड, आणि दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून पुन्हा दुमड. उघडल्यावर आठ चौकोन दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर ठेवून कागद अर्धा कर आणि *घडीच्या* बाजूने, मधल्या आडव्या रेघेवरून, अर्ध्यापर्यंतच काप. कागद उघड, लांबीच्या बाजूने दुमड, दोन्ही टोकं आत ढकल. मधली चीर उघडून अधिकचं चिन्ह होईल, ते गुंडाळलं की पुस्तक झालं. घडीऐवजी उघड्या बाजूने कापलंस तर टोकं फाटतील, मधला भाग जोडलेलाच राहील आणि पुस्तक जमणार नाही. सगळ्यात जास्त वेळा हेच चुकतं.

पुस्तक जमल्यावर आधी पेन्सिलने पानांना १ ते ८ आकडे घाल, मगच कागद उलगड. एका ओळीतली चार पानं उलटी दिसतील. ती चूक नाही, त्या ओळीसाठी कागद फिरवून चित्र काढ.

पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मलपृष्ठ. गोष्टीला उरली सहा पानं. पानाला एक ते तीन चौकटी, म्हणजे एकूण बारा-पंधरा. पान उलटल्यावर चौथं आणि सहावं पान अचानक समोर येतं, म्हणून आश्चर्य तिथे ठेव आणि प्रश्न तिसऱ्या किंवा पाचव्या पानाच्या शेवटी. आश्चर्य तिसऱ्या पानावर ठेवलंस तर दुसरं वाचतानाच ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून जाईल.

फुग्यात अक्षरं मावत नाहीत!

कारण तू आधी चित्र काढतोस, मग फुगा, मग अक्षरं. क्रम उलटा कर : आधी अक्षरं, त्यांच्याभोवती फुगा, उरलेल्या जागेत चित्र. पुस्तिकेच्या लहान पानावर एका फुग्यात आठ-दहा शब्द पुरे. मोठ्या पानावरही पंचवीसच्या पुढे जाऊ नकोस.

देवनागरीची एक खास अडचण आहे. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. वरच्या ओळीतला ‘कु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीत घुसतो. अक्षराची उंची ४ मिलिमीटर असेल तर एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत किमान ८ मिलिमीटर ठेव आणि शिरोरेषा आधी पट्टीने फिकट आखून घे. आपल्याकडे मोठी लिपी नाही, म्हणून ओरडणं दाखवायला अक्षर जाड आणि मोठं कर. फुग्याची शेपटी तोंडाच्या दिशेने जावी, तोंडाला चिकटू नये.

माझं पात्र दर चौकटीत वेगळंच दिसतं.

कथा सुरू करण्याआधी एका कागदावर ते पात्र समोरून, बाजूने आणि तिरपं काढ. उंची किती डोक्यांएवढी ते ठरव आणि ती पट्टी शेजारी ठेव. न बदलणाऱ्या तीन खुणा पक्क्या कर, जसं केसांचा आकार, कॉलर, पिशवी. मग पात्र पूर्ण काळं भरून बघ. नुसत्या सावलीवरून ओळखता आलं तर चेहरा थोडा हलला तरी वाचक चुकणार नाही.

मला चित्रं येत नाहीत, फक्त लिहिता येतं.

मग संहिता लिही. पान क्रमांक, चौकट क्रमांक, काय दिसतं, कोण काय बोलतं. एका चौकटीत एकच कृती. ‘ती उठते, दार उघडते आणि पळत सुटते’ हे एका स्थिर चित्रात मावत नाही, त्याला तीन चौकटी लागतात. ‘तिला वाईट वाटतं’ हेही दिसत नाही. ‘ती ताटली न उचलता बसून राहते’ हे दिसतं. संहितेत नुसता हा बदल करत राहिलीस तरी तुझं साधं गद्य लिखाणही सुधारेल.

पुढचा भाग यायला एवढा उशीर का लागतो?

पुस्तक २२० पानांचं असेल तर प्रत्येक पान निदान पाच हातांखालून किंवा एकाच हाताखालून पाच वेळा जातं : लहान कच्चं रेखाटन, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं. रोज एक पान शाईत पूर्ण झालं तरी नुसत्या शाईला सात महिन्यांहून अधिक लागतात. त्यात मूळ पान अनेकदा छापील पानाच्या दीडपट मोठं काढतात, म्हणजे छापताना रेघा सुबक दिसतात. पण आकार घटला की बारीक रेघा नाहीशा होऊ शकतात, म्हणून काही पानं पुन्हा करावी लागतात. वर्ष-दोन वर्षं लागणं अगदी साधारण आहे. तेवढ्यात त्या चित्रकाराने दुसऱ्या कुणाच्या कथेसाठी काढलेली चित्रं श्रेयपानांवरून शोधून काढ. तीच रेघ वेगळ्या गोष्टीत भेटेल.